ताजमहालाच्या आधी जैनाबाद : मुमताजचे सहा महिने तापीकाठी

जैनाबाद (बुऱ्हाणपूर) : ताजमहाल बघायला आपली माणसं आग्ऱ्यापर्यंत जातात. पण तो जिच्यासाठी बांधला, त्या मुमताज महलला आधी दफन केलं ते इथे, बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यासमोर, तापीच्या पलीकडच्या काठावर. जैनाबादच्या आहूखान्यात. आहू म्हणजे हरीण. मोगलांची ही शिकारीची बाग. आजही तिथे जुना महाल आणि समोर बारादरी उभी आहे.

मुमताजचं मूळ नाव अर्जुमंद बानो. जन्म 1593 चा. वडील आसफ खान, आत्या नूरजहाँ. शहजादा खुर्रमशी 1607 मध्ये तिची सोयरीक झाली, निकाह मात्र पाच वर्षांनी, 1612 मध्ये. बुऱ्हाणपूर तिला नवीन नव्हतं. मुलगी रोशनआरा 1617 मध्ये इथेच जन्मली.

पुढे 1622 मध्ये खुर्रमने बापाविरुद्ध बंड केलं. जवळपास चार वर्षं दख्खन, तेलंगण, बंगाल अशी वणवण झाली. मुमताज सोबतच होती. 1626 मध्ये तडजोड झाली तेव्हा दारा आणि औरंगजेब ही दोन मुलं आजोबांकडे ओलीस पाठवावी लागली. 1628 मध्ये खुर्रम शाहजहान म्हणून गादीवर बसला आणि शाही मोहोर तिच्या ताब्यात आली. हे वैभव तिने जेमतेम तीन वर्षं बघितलं.

1630 मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी दरबार बुऱ्हाणपुरात आला. खानदेश-गुजरातेत तेव्हा भयंकर दुष्काळ होता. 17 जून 1631 ला तिचं चौदावं बाळंतपण झालं. मुलगी गौहरआरा जगली, आई गेली. वय अवघं 38. लग्नाला एकोणीस वर्षं, मुलं चौदा, त्यातली हयात सात. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. बादशहाच्या घरातही हकीम-दायांना तो चौदाव्या वेळी देता आला नाही.

डिसेंबरात शहजादा शुजाच्या सोबतीने तिचं पार्थिव आग्ऱ्याला गेलं. ताजचं काम पुढच्या वर्षी सुरू झालं.

बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही दोन्ही नावं ज्या सूफी संतांवरून पडली, त्यांचे दर्गे आपल्या खुलताबादेत आहेत. म्हणजे हे गाव आपल्याला परकं नाही. भुसावळ-खंडवा मार्गावर बुऱ्हाणपूरला उतरा, तापी ओलांडा. संगमरवर दिसणार नाही, पण मुमताजची गोष्ट इथेच संपली होती. फक्त भिंतीवर आपलं नाव कोरून येऊ नका.