पाच गेले, चार परतले

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना नवीन नाही. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा १९४६ सालचा बोलपट मुंबईत असताना पुष्कळांनी पाहिला असेल. बोलपट चांगलाच आहे, पण गाण्यांच्या नादात प्रवास फार लवकर संपतो. आम्ही इस्पितळात आयुष्य काढलेली माणसे. आम्हांला या कहाणीत तो लांबचा प्रवास आणि त्यानंतरचे दवाखान्याचे काम जास्त जवळचे वाटते, म्हणून येथे त्याबद्दल लिहीत आहोत.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर साधे, भावंडे पुष्कळ, वडील शांतारामपंत कापड गिरणीत नोकरीला. मुलाला डॉक्टर करणे म्हणजे अशा घराला केवढा खर्च, हे वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागले. आता घरी चार पैसे यायचे दिवस आले होते.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी लोकांना आवाहन केले, सुमारे २२ हजार रुपये जमले आणि डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख झाले; ते आधी स्पेनच्या युद्धातही सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने वडील. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. पाचवे आपले डॉ. कोटणीस, वय २७. त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे की चीनहून रेशमी कापड विकायला माणसे येतात, यापलीकडे त्या वेळी घरात कोणाला त्या देशाची माहिती नव्हती. तरी घरच्यांनी जाऊ दिले.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने हे पाच जण मुंबईहून निघाले. बरोबर औषधांच्या पेट्या आणि एक रुग्णवाहिका होती. १७ तारखेला ते कँटनला पोहोचले. तेथे डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नींनी त्यांचे स्वागत केले. पण मुक्कामाला पोहोचणे अजून दूरच होते. पुढे रणभूमीच सरकत होती. ते हँकाऊला गेले, तेथील इस्पितळांत जखमींची सेवा केली, मग यांग्त्से नदीकाठच्या इचांगला, मग चुंगकिंगला. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन आणि हँकाऊ दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. म्हणजे ज्या दाराने ते आत आले ते त्यांच्या पाठीमागे बंदच झाले. चुंगकिंगमध्ये पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले को तिहुआ.

तेथेच जानेवारी १९३९ मध्ये वडील वारल्याची बातमी त्यांना मिळाली.

आपल्यापैकी ज्यांनी म्हातारे आईवडील मागे ठेवून देश सोडला, त्यांना अशी बातमी येणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. बातमी हाती पडते तेव्हा दफनही होऊन गेलेले असते. कोटणीसांना परत जायची मोकळीक होती आणि घरी गरजही होती. ते परतले नाहीत. त्यांनी बरोबर केले की चूक, हे आम्ही ठरवू शकत नाही. सोलापूरच्या त्या घराने याची किंमत मोजली एवढे मात्र खरे. पथक उत्तरेकडे निघाले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी येनानला पोहोचले. मुंबई सोडून साडेपाच महिने झाले होते.

येनानला पिवळ्या मातीच्या डोंगरांत गुहा खोदून लोक राहत आणि इस्पितळही तशाच गुहांत. त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी हिंदुस्थानात परतले, पुढच्या वर्षी अटल. कोटणीस व बसू जपानी फळीच्या मागे असलेल्या डोंगराळ मुलखात शिरले. तेथे कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन डॉ. नॉर्मन बेथून काम करीत होते. हातमोजे न घालता शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. ज्यांनी उकळलेली हत्यारे आणि टाके मोजण्यात उमर घालवली, त्यांना हे वाचताना अंगावर काटा येईल.

१९४० च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी तेरा दिवसांत आठशेच्या वर जखमींवर उपचार केले. त्यांत एकदा तर बहात्तर तास झोप नाही. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. खेडुतांची घरे हेच वॉर्ड, आणि शत्रू आला की रोग्यांसकट सगळे उचलून दुसऱ्या गावी. ते चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. याच युद्धात चिनी सैन्याबरोबर व्हिएन्नाचे एक यहुदी डॉक्टरही होते, याकोब रोझेनफेल्ड. दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून ते १९३९ मध्ये शांघायला आले आणि १९४१ पासून सैन्यात डॉक्टरी केली. १९५२ साली ते तेल अवीवमध्ये वारले. किर्यात शाऊलच्या कब्रस्तानात त्यांची कबर आहे. तिकडे जाणाऱ्यांनी जरूर पाहावी.

बेथून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांची ओळख ग्वो चिंगलान यांच्याशी झाली. त्या परिचर्या शिकवीत आणि त्यांना इंग्रजी येत होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

पण तोपर्यंत कोटणीसांना फिट्स येऊ लागल्या होत्या. आधी पोटात पट्टकृमी झाला होता. या कृमीची अंडी पोटात गेली तर त्यातून निघालेल्या अळ्या मेंदूत जाऊन बसू शकतात आणि मग असे झटके येतात. आज असा रोगी आला तर डॉक्टर आधी मेंदूचा स्कॅन करतील. तेव्हा त्या डोंगरात काय होते? उपचारासाठी बाहेर जा, असे वरिष्ठांनी सांगितले. ते गेले नाहीत. आम्हांला विचाराल तर ही त्यांची चूकच होती. इतरांना बरे करणारा माणूस स्वतःचे दुखणे मनावर घेत नाही, हे आम्ही वॉर्डात फार पाहिले आहे. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री मोठे झटके आले आणि ९ तारखेच्या पहाटे होपेई प्रांतातील एका खेड्यात ते वारले. वय ३२. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक अर्धे राहिले, मूल साडेतीन महिन्यांचे. डॉ. बसू पुढच्या वर्षी हिंदुस्थानात परतले.

कोटणीसांच्या अस्थी पुढे १९५३ साली शिज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात नेण्यात आल्या. बेथून यांची समाधीही त्याच उद्यानात आहे. मुलगा यिनहुआ वैद्यकीच शिकत होता, पण १९६७ मध्ये शिक्षण पुरे व्हायच्या आत तोही गेला. चिंगलानबाई नंतर अनेक वेळा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. त्या २०१२ साली चीनमध्ये वारल्या, डॉ. कोटणीस गेल्यावर सत्तर वर्षांनी.