पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर आपल्यात विरळाच. मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवांची सेवा, एवढे आपल्या शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतात. परंतु बाईंच्या जीवनातील एका काळाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. बाप्तिस्मा घेतल्यावरही सुमारे आठ वर्षे त्यांचे अंतःकरण भुकेलेच होते. त्या काळाविषयी येथे थोडे लिहावे असे आम्हांस वाटते. कारण नियमाने उपासनेस येणाऱ्या कित्येकांची अवस्था अशीच असते, आणि ते ती कोणाजवळ बोलून दाखवीत नाहीत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि आईने ते रमाबाईंना शिकविले. लहानपणीच त्यांना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यासच काही ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या हाती संस्कृत बायबल ठेवले. संस्कृत असूनही त्या ग्रंथाची भाषा त्यांना परकी वाटली, आणि पुस्तक बाजूला पडले. पुढे भाऊही वारला. १८८० मध्ये बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले, आणि ते त्यांनी आवडीने वाचले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. बाई पुण्यास आल्या. तेथे एका मिशनरी बाईंबरोबर त्यांनी मराठी नवा करार वाचावयास घेतला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची सेवा करीत असत, ती त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांविषयी एवढा कळवळा कोठून येतो, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेने बाईंच्या मनाची पकड घेतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे अनेक चरित्रे आनंदाने पान उलटतात. बाई मात्र पुढे प्रांजळपणे सांगत की, ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून मिळाला नव्हता. बाहेरून पाहता काय उणे होते? त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी गाजलेला इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पण मनात शंकांचे काहूर होते. निरनिराळ्या पंथांची मते एकमेकांशी जुळत नव्हती, आणि पापाचे ओझे बुद्धिवादाने उतरत नव्हते.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ पाळकपण करीत असताना, स्वतःच्याच उपदेशाच्या वेळी पालट पावले होते. ते वाचून बाई विचारात पडल्या आणि आपले बायबल पुन्हा नव्याने, स्वतःच्या गरजेसाठी वाचू लागल्या. तेव्हा त्यांना उमगले की तारण हे आपल्या विधींचे, विद्वत्तेचे किंवा सत्कृत्यांचे वेतन नव्हे. ते देवाचे दान आहे, आणि जशी आहे तशा स्थितीत ते आज घ्यावयाचे आहे. त्यांनी ते घेतले.

यानंतरचे त्यांचे जीवन पाहावे. बाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी दार लावले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. उपासमार काय असते हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. पतित स्त्रियांसाठीही तेथे घर झाले, त्याचे नाव कृपासदन. फुलहॅमला पाहिलेली कृपा अशी केडगावच्या माळावर आली.

शेवटी त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी एकेकाळी संस्कृत बायबल मिटून ठेवले, त्याच पंडितेने नुकतीच अक्षरे शिकलेल्या बायांना समजेल असे शब्द वेचले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलांकडून वचने अवश्य पाठ करून घ्या. पण हजारो श्लोक पाठ असलेल्या रमाबाईंना पाठांतराची उणीव नव्हती, हेही ध्यानात ठेवा. वचन म्हटल्यावर मुलाला विचारा : यात देव तुला काय देतो? आपण काय करावे हा प्रश्न त्यानंतर येऊ द्या.

आणि ज्यांचा बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली, तरी शास्त्र उघडताना मन कोरडे राहते, त्यांनी निराश होऊ नये. रमाबाईंना आठ वर्षे लागली. त्या कोरड्या काळातही पुस्तक त्यांच्या हाताशी होते, आणि वेळ आली तेव्हा त्यांनी तेच उघडले. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी योहानाचा चौथा अध्याय सावकाश वाचावा. विहिरीवरची ती स्त्री पाणी भरावयास आली होती, प्रभूला शोधावयास नव्हे. तिच्याआधीच तो तेथे येऊन बसला होता.