कै. दादासाहेब फाळके

आपल्या लाखनीच्या बाजूस दंडार रंगात आली म्हणजे झाडीबोली न समजणारा परगांवचा पाहुणाहि हंसतो व डोळे पुसतो. परभाषेंतील चित्रपट दूरदेशच्या माणसांस कां भावतो, याचें मर्म येथेंच आहे. तें विशद करणारें एक चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें ते शिकले. पुढें छापखान्याचा धंदा केला, पण तो सुटला. वयाची चाळिशी आली; हातीं निश्चित उद्योग नाहीं. अशा स्थितींत १९११ च्या सुमारास त्यांनीं मुंबईस ख्रिस्तचरित्राचा एक विलायती मूकपट पाहिला.

नट परके, वेष परका, कथाहि परधर्माची! परंतु निरपराध्याचें दुःख ओळखावयास दुभाषा लागत नाहीं. नवल हें कीं, पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण उभे राहिले. परक्याचें उत्तम पाहून त्यांस आपल्या उत्तमाची आठवण झाली.

मग त्यांनीं या विद्येचा ध्यास घेतला. अतिश्रमानें कांहीं काळ दृष्टि गेली. विम्याचे कागद गहाण ठेवून ते १९१२ सालीं लंडनला गेले व तेथें ही कला शिकून आले. सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने काढून दिले. स्त्रीपात्र मिळेना, म्हणून साळुंके नांवाच्या तरुणानें तारामतीचें काम केलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढच्याच वर्षीं फाळक्यांनीं आपले चित्रपट लंडनला दाखविले, व तेथील जाणत्यांनीं ते वाखाणले. परदेशांतून आलेलें बीज येथें रुजून त्याचें फळ परत तेथें गेलें!

बोलपटांचा काळ आल्यावर मात्र ते मागें पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें.

विद्यार्थीमित्रहो, परक्यांची कथा अवश्य पाहा. पण पाहून घरीं परततांना आपल्या घरची कोणती कथा जगास सांगण्याजोगी आहे, हेंहि स्वतःस विचारा. फाळक्यांनीं तेवढेंच केलें, आणि त्यासाठीं घरदार पणास लावलें.