लांडगे मारणारा झाला प्राध्यापक

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ चा, अमेरिकेतील आयोवा राज्यातला. १९०९ मध्ये येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून ते सरकारी वनखात्यात लागले. लांडगा संपला की हरणं वाढतील, असा तेव्हाचा समज. लिओपोल्ड यांनीही लांडगे मारले. पण हरणं इतकी माजली, की डोंगरावर पाला म्हणून राहिना. तेव्हा त्यांचं मत फिरलं.

१९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक नेमले, तेही कृषी अर्थशास्त्र विभागात! पाखरं-जनावरं राहतात ती शेवटी शेतकऱ्याच्याच बांधाला. शेतकऱ्यांसाठी ते रेडिओवरही बोलत. त्याच सुमारास कून व्हॅली खोऱ्यात उभी नांगरट आणि मोकाट चराईने घळी पडल्या होत्या. तिथं समतल नांगरट, पट्टापेरणी, कुरणबंदी ही कामं शेतकऱ्यांनी केली. सल्लागारांत लिओपोल्ड होते. आपल्याकडे ज्याला पाणलोट म्हणतात, तेच हे.

१९३५ मध्ये त्यांनी स्वतः नदीकाठची ऐंशी एकर वाळूची, पार खंगलेली जमीन घेतली. राहायला काय, तर कोंबड्यांचं जुनं खुराडं. सुट्टीच्या दिवशी बायको आणि पाच मुलांसह तिथं पाईनची रोपं लावायची. पहिली बहुतेक रोपं दुष्काळात जळाली. पुन्हा लावली. पुढं तिथं रान उभं राहिलं.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या गवताला वणवा लागला. तो विझवायला धावले असताना हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या पुस्तकाला प्रकाशकाचा होकार आठवडाभर आधीच आला होता. ते १९४९ साली निघालं.