हार्ड डिस्कची झीज, धवलाच्या प्रती आणि डॉ. हीरालाल जैन

होम सर्व्हर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती टीबीचा? डिस्क किती झिजली आहे, हे क्वचितच कोणी विचारतं. धनजला माझ्या घरी एका जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केलाय. त्यात दोन डिस्क आहेत आणि घरातल्या सगळ्या मोबाइलचे फोटो तिथे जातात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवावंच लागतं. हे लक्ष नेमकं कशासाठी ठेवायचं, ते मला डॉ. हीरालाल जैन यांच्या आयुष्यातून सगळ्यात चांगलं समजलं. ते 1973 मध्ये गेले. कॉम्प्युटरशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण आमच्या तालुक्याच्या गावाशी, कारंज्याशी, होता.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आजच्या मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूर जिल्ह्यात झाला. जबलपूर आणि अलाहाबादला शिकले, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या कपड्यात बांधून ठेवलेल्या होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची मोठी सूची छापली, तिच्यात या पोथ्यांची माहिती आली. (हे हिरालाल वेगळे. फोनमध्ये एकाच नावाचे दोन कॉन्टॅक्ट असतात तसला घोळ इथे नेहमी होतो.) ती माहिती गोळा करण्यात आपल्या हीरालालजींचा हात होता. पुढे त्यांनी याच भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. पुष्पदंत कवीचं ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ 1934 मध्ये कारंज्याहून प्रसिद्ध झालं. मराठीच्या आधीची भाषा कशी होती हे बघायचं असेल तर हे ग्रंथ फार मोलाचे आहेत.

पण त्यांचं खरं मोठं काम म्हणजे ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची वीरसेनांची ‘धवला’ टीका. नवव्या शतकातला हा प्रचंड ग्रंथ. त्याच्या ताडपत्री प्रती उरल्या होत्या त्या फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीत. लोक त्यांचं दर्शन घेत, वाचत कोणी नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद तिथे गेले तेव्हा ताडपत्रं झिजत चालल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पैसे जमवले गेले आणि 1896 च्या सुमारास नक्कल सुरू झाली. ती 1922 पर्यंत चालली. नक्कल करणाऱ्यांत मिरजेचे गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप एक जादा प्रत केली, ती सहारनपूरला पोचली आणि तिथून नकलांच्या नकला देशभर पसरल्या. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ग्रंथ जगासमोर लवकर आला तो त्या जादा प्रतीमुळे.

आता डिस्ककडे वळू. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे फुकटचे प्रोग्रॅम ती वाचून दाखवतात. तापमान आणि चालू राहिल्याचे तास बघाच, पण नजर ठेवायची ती ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरच्या आकड्यांवर. खराब झालेली जागा सोडून डिस्क राखीव जागा वापरते, तेव्हा पहिला आकडा वाढतो. जी जागा धड वाचता येईना ती दुसऱ्यात मोजली जाते. आकडा शून्यावरून हलला आणि वाढत राहिला, तर ताडपत्राची कड तुटायला लागली असं समजा. एसएसडीत सेक्टरपेक्षा लिहिण्याची झीज महत्त्वाची, ती ‘परसेंटेज यूज्ड’ मध्ये दिसते. मात्र गूगलने 2007 मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कवर मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही आलेला नव्हता. म्हणजे हिरवा दिवा दिसला तरी दुसरी प्रत हवीच.

आणि ती प्रतही तपासावी लागते. हीरालालजींची इथली हुशारी मला फार आवडते. संपादनासाठी त्यांच्यापुढे अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती होत्या. तीन गावं, तीन प्रती, मजकूर बराचसा जुळणारा. कोणीही निर्धास्त झाला असता. पण या प्रती एकाच सहारनपूरच्या शाखेतून निघालेल्या, त्यामुळे मुळाशी एखादी ओळ गळली असेल तर ती तिन्हींत गळणार. रेड-1 मध्ये दोन डिस्क आरशासारख्या चालतात तिथेही हेच होतं. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हींतून एकदमच जाते. म्हणून रेडला बॅकअप म्हणू नये.

पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून निघाला. शास्त्र छापून कोणाच्याही हाती देऊ नये, असं मानणारे पंडित तेव्हा होते आणि विरोधही झाला. कोल्हापूरचे प्रा. आ. ने. उपाध्ये, पंडित फूलचंद्र आणि इतर विद्वान सोबत होते. त्या खंडातल्या 93 व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द असायला हवा, असं अर्थावरून संपादकांना वाटत होतं. हातातल्या प्रतींत तो नव्हता. त्यांनी तो मजकुरात घुसवला नाही, फक्त तळटीप दिली. स्त्रियांना मोक्ष मिळतो की नाही, हा जुना वाद त्या एका शब्दाला चिकटलेला होता, त्यामुळे मोठं वादळ उठलं. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिलं तर शब्द तिथे होता.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस वापरत असाल तर ‘स्क्रब’ हेच काम करतं. प्रत्येक तुकडा वाचून आधी नोंदवलेल्या चेकसमशी जुळतो का ते बघतं आणि दुसरी धड प्रत असली तर दुरुस्तही करतं. महिन्यातून एकदा लावून द्या, रात्री चालू द्या.

हीरालालजी 1944 मध्ये नागपूरला गेले, नंतर बिहारमधल्या प्राकृत संस्थेचे संचालक झाले, मग जबलपूर विद्यापीठात शिकवलं. गावं बदलली तरी खंड निघत राहिले. सोळावा खंड 1959 मध्ये आला, म्हणजे पहिल्यानंतर वीस वर्षांनी. सुधारलेली आवृत्ती पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली.