बोटीवरचे गणित : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर



घरी आई आजारी आणि हातात परदेशाचे तिकीट. हा पेच आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. म्हणूनच या वेळी आम्ही नोबेल विजेते खगोलभौतिक शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरला, तमिळ कुटुंबात झाला. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, तर सी. व्ही. रामन हे सख्खे काका. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनच्या नाटकाचा तमिळ अनुवाद केला होता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असतानाच, १९२९ मध्ये, त्यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

१९३० मध्ये केंब्रिजसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण आई गंभीर आजारी होती. जावे की थांबावे? आईनेच जाण्याचा आग्रह धरला. ३१ जुलैला मुंबईहून बोट सुटली. पुढच्याच वर्षी आई गेली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

त्या प्रवासात एकोणीस वर्षांच्या या मुलाने एक गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकुंचन पावून 'श्वेत बटू' होतो, असे तेव्हा मानत. आतल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरतो. चंद्रशेखरांनी त्यात सापेक्षतेचा विचार केला, तेव्हा दिसले की वस्तुमान एका मर्यादेपलीकडे गेले तर हा दाब अपुरा पडतो. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या सभेत त्यांनी हे मांडले. लगेच त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी त्याची खिल्ली उडवली. ज्यांना चंद्रशेखरांचे पटले होते, तेही उघडपणे बोलले नाहीत. चंद्रशेखरांनी वैर धरले नाही. १९३७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले, १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. पुढे मर्यादा सर्वमान्य झाली.

१९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तेव्हा आईला जाऊन ५२ वर्षे झाली होती. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये नासाने अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीचे नाव आहे 'चंद्रा'. हे नाव कोणाचे, आणि त्यांना बोटीत कोणी बसवले, हे मुलांना जरूर सांगा.