रोग वेलीचा, उपाय मुळाचा

दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमी गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यात 15 जुलै 1868 रोजी तीन माणसे वेली उपटून पाहत होती. ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात चार-पाच वर्षांपासून एक अनोळखी रोग पसरत होता. ऐन उन्हाळ्यात मळ्याच्या मध्यावरच एखाद्या वेलीची पाने पिवळी पडत, मग तांबूस होत, पुढच्या वर्षी शेजारच्या वेली तशाच होत आणि तिसऱ्या वर्षी सगळा तुकडा वाळून जाई. पाण्यात तेलाचा थेंब पसरावा तसा तो गोल गोल वाढत असे. उपटलेल्या मेलेल्या वेलीची मुळे काळी पडलेली, कुजलेली असत, आणि त्यांवर काहीही सापडत नसे.

एरो जिल्ह्याच्या कृषी मंडळाने नेमलेल्या या समितीत गास्ताँ बाझिय आणि फेलिक्स साउ हे दोघे शेतीतले जाणकार होते. तिसरे होते माँपेलिए विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक ज्यूल-एमिल प्लांशाँ. त्या दिवशी वाळलेल्या वेली पाहून झाल्यावर त्यांनी शेजारची, वरून पूर्ण हिरवीगार दिसणारी वेल उपटली. भिंगाखाली तिच्या मुळांवर पिवळसर रंगाच्या बारीक किड्यांचे थवेच्या थवे दिसले. जेमतेम एक मिलिमीटरचा हा मावावर्गीय कीटक मुळातला रस शोषतो आणि मूळ मेले की ते सोडून शेजारच्या जिवंत मुळाकडे जातो. म्हणून मेलेल्या वेलीवर तो कधीच हाती लागत नव्हता. संसर्गजन्य आजाराचा माग काढणाऱ्या डॉक्टरला यात नवल वाटणार नाही. कारण सापडते ते बहुधा रोग्याच्या अखेरच्या अवस्थेत नाही, तर ज्याला अजून काहीच त्रास नाही अशा शेजाऱ्यात.

प्लांशाँ यांचा जन्म 1823 मध्ये एरो जिल्ह्यातल्याच गाँज या गावी झाला. माँपेलिएला 1844 मध्ये विज्ञानाची डॉक्टरेट मिळवून ते लंडनच्या क्यू उद्यानात गेले आणि तिथल्या वनस्पतिसंग्रहात काही वर्षे काम केले. आज आपल्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या किवी फळाच्या वेलीला शास्त्रीय नाव त्यांनीच 1847 मध्ये दिले, तेही चीनहून आलेल्या वाळलेल्या नमुन्यावरून. पुढे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, बेल्जियममधील गेंट आणि फ्रान्समधील नान्सी येथे शिकवले आणि 1853 मध्ये ते माँपेलिएला परतले ते कायमचे. ज्या शहरात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी 1593 मध्येच वनस्पती उद्यान उभे राहिले, तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वैद्य यांच्यात फारशी भिंत नव्हती.

किडा सापडला, पण वाद मिटला नाही. प्लांशाँ यांनी त्याला नाव दिले, ते थोड्याच काळात बदलून फिलॉक्सेरा असे रूढ झाले. पॅरिसमधील नामवंत कीटकतज्ज्ञांचे म्हणणे मात्र वेगळे होते. त्यांच्या मते किडा हे रोगाचे कारण नव्हे, परिणाम होता. हवामान बिघडले, अवर्षण झाले, थंडी जास्त पडली, एकाच जमिनीत पिढ्यानपिढ्या तीच वेल लावून जमीन आणि वेल दोन्ही थकले, आणि अशा दुबळ्या वेलीवर किडा येऊन बसला, असा हा युक्तिवाद होता. हे म्हणणारे अडाणी नव्हते. जंतूंमुळे रोग होतो हे त्या काळी माणसांच्या वैद्यकातही सर्वमान्य नव्हते. शरीराची प्रकृती आणि हवापाणी बिघडले की आजार होतो, जंतू नंतर येतात, असे मानणारे डॉक्टर बहुसंख्य होते.

प्लांशाँ आणि त्यांचे मेहुणे, कीटकांचे अभ्यासक ज्यूल लिख्टेनश्टाईन, यांनी चिकाटीने पुरावे गोळा केले. अमेरिकेत द्राक्षाच्या पानांवर गाठी करणारा एक किडा तिथल्या एका अभ्यासकाने 1850 च्या दशकात नोंदवला होता. तो पानावरचा किडा आणि फ्रान्समधला मुळावरचा किडा हे एकाच जीवाचे दोन अवतार आहेत, हे या दोघांनी दाखवले. मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स राइली 1871 मध्ये स्वतः फ्रान्सला आले आणि त्यांनीही तेच सांगितले. म्हणजे रोग अमेरिकेतून आला होता. ऱ्होनकाठच्या रोकमोर गावातील एका मद्यव्यापाऱ्याने 1862 च्या सुमारास अमेरिकेतून वेली मागवून आपल्या परसात लावल्या होत्या आणि पहिल्या मेलेल्या बागा त्याच परिसरातल्या होत्या. त्या काळात अमेरिकी वेली मागवण्याची टूम निघाली होती, कारण आपल्याकडील द्राक्षबागायतदारांना चांगल्या परिचयाच्या भुरी रोगाला त्या दाद देत नसत. एका रोगावरचा उपाय म्हणून आणलेल्या वेलींबरोबर दुसरा रोग घरात आला.

आता प्रश्न उपायाचा होता. फ्रान्सच्या सरकारने 1870 मध्ये 20,000 फ्रँकचे बक्षीस लावले, 1874 मध्ये ते 3 लाख केले. सूचनांचा पाऊस पडला. वेलीच्या बुडाशी जिवंत बेडूक पुरण्याचाही सल्ला त्यात होता. बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. जे उपाय काही प्रमाणात लागू पडले ते जमिनीवर अवलंबून होते. सपाट मळा आणि जवळ मुबलक पाणी असेल तर हिवाळ्यात कित्येक आठवडे पाणी तुंबवून किडा बुडवता येई. समुद्राकाठच्या निव्वळ वाळूत किड्याला मुळांपर्यंत सरकताच येत नसे, म्हणून एग-मॉर्तच्या ओसाड वाळवंटाला एकाएकी भाव आला. पण चांगली द्राक्षे पिकतात ती बहुतेक उतारावर, खडकाळ जमिनीत. तिथे ना पाणी तुंबते, ना वाळू असते. तिथे कार्बन डायसल्फाइड पिचकारीने जमिनीत सोडत. हे रसायन चटकन पेट घेते. रबराच्या कारखान्यांतील कामगारांच्या मेंदूवर आणि नसांवर त्याचे घातक परिणाम होतात हे पॅरिसमध्ये 1850 च्या दशकातच नोंदवले गेले होते. तरीही हजारो मजूर ते हाताळत राहिले, आणि त्यांच्या तब्येतीची चर्चा त्या वादात फारशी कुणी केली नाही.

बोर्दोच्या लालिमाँ नावाच्या बागायतदाराने 1869 मध्ये एक वेगळीच गोष्ट सांगितली. त्याच्या बागेतील काही अमेरिकी वेलींच्या मुळांवर किडा होता, पण वेली जिवंत होत्या. याची शहानिशा करण्यासाठी 1873 च्या उन्हाळ्याअखेरीस प्लांशाँ अमेरिकेला गेले. पूर्वेकडील राज्ये पाहून ते मिसूरीत राइली यांच्याकडे पोहोचले. तिथे त्यांना जे दिसले त्याने जुनी समजूत उलटीपालटी झाली. युरोपातून गेलेले लोक दोनशे वर्षे अमेरिकेच्या पूर्व भागात युरोपीय द्राक्ष लावून पाहत होते. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनीही आपल्या मळ्यात प्रयत्न केले होते. प्रत्येक वेळी वेली मेल्या आणि प्रत्येक वेळी इथली हवा मानवत नाही असेच निदान झाले. हवेचा काही दोष होता हे खरे. दमट उन्हाळ्यात बुरशीचे रोग फोफावतात. पण मुळावर बसलेला किडा कुणी पाहिलाच नव्हता. शेजारी रानात वाढणाऱ्या देशी वेली मात्र त्याच हवेत, त्याच किड्यासह सुखाने नांदत होत्या. त्यांच्या मुळाला किडा डसला की जखमेखाली बुचासारखा थर तयार होतो आणि कुजण्याची क्रिया आत शिरत नाही. हजारो वर्षांच्या सहवासातून आलेली ही ताकद युरोपीय वेलीकडे नव्हती, कारण तिची या शत्रूशी कधी गाठच पडली नव्हती. नव्या साथीसमोर एखादी वसाहत जशी निःशस्त्र असते, तसेच हे होते.

राइली यांच्याकडून फिलॉक्सेरा खाणारा एक सूक्ष्म कोळीवर्गीय जीवही प्लांशाँ यांना मिळाला. तो फ्रान्समध्ये सोडला, तिथे तो रुजलाही, पण किड्यांच्या संख्येवर काही परिणाम झाला नाही.

अमेरिकी वेलींवरील त्यांचे पुस्तक 1875 मध्ये आले. सूत्र सोपे होते: मूळ अमेरिकी आणि त्यावर कलम फ्रेंच. अमेरिकी द्राक्षांना, विशेषतः लाब्रुस्का जातीला, एक उग्र वास असतो, तो फ्रेंचांना सोसवेना. कलम केल्यावर फळ आपलेच राहते. तरी विरोध कडवा होता. रसायनवाले आणि अमेरिकावाले असे दोन तट पडले. ज्या वेलींनी रोग आणला त्याच आणून लावायच्या, ही कल्पनाच अनेकांना संतापजनक वाटे. निरोगी जिल्ह्यांत अमेरिकी वेली आणण्यास बंदी होती. बरगंडीत ती 1887 पर्यंत टिकली.

विरोधकांना बळ मिळाले ते एका खऱ्या अपयशामुळे. अमेरिकेत टिकतात म्हणून ज्यांवर भरवसा ठेवला होता त्या क्लिंटन, कॉंकर्ड अशा वेली एरोच्या जमिनीत लावल्यावर अनेक ठिकाणी पिवळ्या पडून गेल्या. आधीच एकदा बुडालेल्या शेतकऱ्याने उसनवारी करून लावलेली बाग दुसऱ्यांदा बुडाली. काही वेली किड्याला पुरेशा खंबीर नव्हत्या. काहींना किड्याने नव्हे तर मातीने मारले. रिपारिया जातीला खोल, सुपीक, ओलाव्याची जमीन लागते. रुपेस्ट्रिस दगडगोट्यांच्या कोरड्या जमिनीत मुळे खोल नेते. पण चुनखडीच्या मातीत दोघींची पाने पिवळी पडतात. जमिनीत लोह असते, चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. या पिवळेपणाला क्लोरोसिस म्हणतात. त्या काळचे डॉक्टर तरुण मुलींच्या रक्तक्षयालाही हेच नाव देत, आणि तिथेही मूळ दुखणे लोहाचेच होते. कोन्याक आणि शॅम्पेनचे प्रदेश म्हणजे जवळजवळ चुनखडीच. तिथे अमेरिकी मूळ लावणे म्हणजे एका रोगातून सोडवून दुसऱ्याच्या हवाली करणे होते.

हवेला निष्कारण दोष देणाऱ्यांशी प्लांशाँ इतकी वर्षे भांडले, आणि आता मातीने आपला हिशेब मागितला. प्रतिकारशक्ती एवढा एकच गुण पाहून वेल निवडता येत नाही, हे सर्वांनाच नुकसान सोसून कळले. त्या काळात देशाचे उत्पन्न कोसळत होते. 1875 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 8 कोटी 40 लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती, 1889 मध्ये ती सुमारे 2 कोटी 30 लाखांवर आली. दक्षिणेतील कित्येक कुटुंबे अल्जीरियाला निघून गेली.

या काळात प्लांशाँ यांनी जे केले ते वरकरणी निरुपद्रवी, संग्रहालयातले काम होते. अमेरिकेतून आलेल्या वाळक्या फांद्या पाहून ते एकेक जात वेगळी करत, तिचे वर्णन लिहीत. टेक्सासमधील एका वेलीला त्यांनी 1880 मध्ये बर्लांडिएरी हे नाव दिले. 1887 मध्ये द्राक्षकुळावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. आपल्याकडे मोडलेल्या हाडावर बांधतात ती कांडवेलही याच कुळातली. त्याच वर्षी सरकारने माँपेलिएचे तरुण तज्ज्ञ पिएर व्याला यांना अमेरिकेला धाडले, एकाच कामासाठी: चुनखडीत वाढणारी वेल शोधायची. व्याला उत्तर टेक्सासमधील डेनिसन येथे टी. व्ही. मन्सन या रोपवाटिकावाल्याकडे पोहोचले. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर जोमाने वाढणारी जी वेल त्यांनी निवडली, ती बर्लांडिएरीच होती. तिची काडी सहजी मुळे धरत नाही, म्हणून रिपारिया आणि रुपेस्ट्रिसशी तिचे संकर करावे लागले. आज जगभरच्या द्राक्षबागांखाली जी मुळे आहेत त्यांतली बरीच या संकरांची आहेत.

प्लांशाँ 1 एप्रिल 1888 रोजी माँपेलिएत वारले. चुनखडीतल्या बागा पुन्हा उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. शहराच्या रेल्वे स्टेशनासमोरील चौकात 1894 मध्ये त्यांचे स्मारक झाले; त्यात एक द्राक्षबागायतदार त्यांच्या अर्धपुतळ्याकडे द्राक्षाचा घड उंचावतो आहे.

टेक्सासमधील आणखी एका वेलीला प्लांशाँ यांनी शांपिनी असे नाव दिले होते. तिच्यातून मन्सन यांनी निवडलेला एक वाण म्हणजे डॉगरीज. नाशिक, सांगली, सोलापूर भागातील बागायतदाराला हे नाव सांगावे लागत नाही. इथे तो किड्यासाठी आलेला नाही. पाण्याची ओढ आणि खारवट होत चाललेल्या जमिनी यांमुळे स्वतःच्या मुळांवर उभ्या बागा खचू लागल्या, तेव्हा गेल्या काही दशकांत डॉगरीजच्या खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत पडली. अलीकडे वापरात असलेला 110 आर हा खुंट बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर आहे. इथल्या उष्ण हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. फ्रान्समध्ये ती एकदाच, हिवाळ्यात लागते. डॉगरीज फार जोमाने वाढतो, भारी जमिनीत वेल नुसती पानांवर जाते, आणि चांगल्या जमिनीच्या बागायतदाराला कोणता खुंट निवडायचा याचा विचार वेगळाच करावा लागतो.